आधी पुरावा, मग पाना

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातल्या आमच्या गावात गॅरेज नाही. पंक्चर काढून हवा भरून देणारी एक टपरी आहे, तेवढीच. गाडीचं बरं काम करायचं तर मालेगाव नाहीतर वाशिम गाठायचं, आणि इंजेक्टर मशीनवर चढवून तपासायचा असेल तर पातूरचा घाट उतरून अकोल्याला जायचं. जी गाडी घाट चढत नाही म्हणून तक्रार आहे, तीच घाटातून न्यायची, ही आमच्याकडची खरी अडचण. म्हणून घरच्या, भावकीतल्या आणि ओळखीच्यांच्या गाड्या आमच्या अंगणातल्या कडुनिंबाखाली येऊ लागल्या. माझा धंदा शेती. गाड्यांचं काम मी पोटासाठी केलं नाही, पण मन लावून केलं आणि ते करता करता माझं केस पिकायचं वय झालं.

क्लच, ब्रेक, सस्पेन्शन सगळं हाताखालून गेलं. पण मला सगळ्यात जास्त शिकवलं ते फ्युएल इंजेक्टरनं. ब्रेकचा पट्टा झिजला की डोळ्यांना दिसतो. इंजेक्टर बिघडला तरी बाहेरून नव्यासारखाच दिसतो. गाडी धक्के मारायला लागली की पहिलं बोट त्याच्याकडे जातं, आणि तो निर्दोष असला तरी त्याला स्वतःची बाजू मांडता येत नाही. त्यामुळे तो बदलण्यापेक्षा तो खरंच बिघडला आहे का, हे ठरवणं जास्त अवघड. इतक्या वर्षांत मी शिकलो ते मुख्यतः हेच.

बाबांच्या काळात इंजेक्टर म्हणजे डिझेलचाच. विहिरीवरचं ऑइल इंजिन, नंतर ट्रॅक्टर. पंपावर आणि नोझलवर ‘मायको’ हे नाव असायचं. बॉशचं तंत्र घेऊन १९५१ मध्ये सुरू झालेली ही कंपनी २००८ मध्ये बॉश लिमिटेड झाली, पण आमच्याकडे पंप अजून मायकोचाच म्हणतात. त्या नोझलमध्ये स्प्रिंग असायची. पंपानं डिझेल ठरावीक दाबानं रेटलं की सुई उचलायची, फवारा उडायचा, दाब उतरला की सुई बसायची. वीज नाही, वायर नाही. कोणता सिलिंडर काम करत नाही हे शोधायची रीतही सोपी होती. इंजिन चालू ठेवून एकेका नळीचा नट किंचित ढिला करायचा. ज्या नळीचा नट ढिला केल्यावर इंजिनच्या आवाजात फरक पडत नाही, तो सिलिंडर मेलेला. बाबांनी ही रीत मला शिकवली आणि ती त्या इंजिनांसाठी शंभर टक्के बरोबर होती.

मग २०००च्या सुमारास मारुती ८००चा कार्ब्युरेटर गेला आणि एमपीएफआय, म्हणजे इंजेक्टरनं पेट्रोल देणारी पद्धत, आली. त्या गाड्या शहरात वापरून जुन्या झाल्यावर आमच्या तालुक्यात आल्या. हा पेट्रोलचा इंजेक्टर वेगळा. आत तांब्याच्या तारेचं वेटोळं; कॉम्प्युटरनं हुकूम दिला की सुई उचलते आणि दोन-तीन मिलिसेकंदांत बसते. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर चालत असेल तर एक इंजेक्टर मिनिटाला १५०० वेळा उघडतो. म्हणजे तासाला नव्वद हजार वेळा. एवढं काम करणारा हा भाग अंगठ्याएवढा असतो आणि तरी वर्षानुवर्षं टिकतो. हे गणित पहिल्यांदा मांडलं तेव्हापासून मी इंजेक्टरवर आळ घेताना जरा थांबायला लागलो.

एका शिक्षकांची छोटी तीन सिलिंडरची गाडी आठवते. “भाऊ, लय मिसिंग मारून राह्यली. तिन्ही इंजेक्टर गेले म्हणतात.” एका ठिकाणी त्यांना तिन्ही नवे टाकण्याचा खर्चही लिहून मिळाला होता. तिन्ही एकाच आठवड्यात कसे जातील, हा पहिला प्रश्न. गाडी सुरू केली. लांब पेचकसचं टोक एकेका इंजेक्टरवर टेकवून मूठ कानाला लावली. चालू इंजेक्टरची टिक-टिक पेचकसातून स्वच्छ ऐकू येते. तिन्ही सारखे बोलत होते. मग इंजिन बंद करून पहिल्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे इंजेक्टर आपसांत बदलले. स्कॅनरवर मिसिंग आधी पहिल्या सिलिंडरचं दाखवत होतं, बदलल्यावरही पहिल्याचंच दाखवलं. इंजेक्टर दोषी असता तर दोष त्याच्यासोबत तिसऱ्यावर गेला असता. प्लग काढला, त्याच्या चिनी मातीला केसासारखी बारीक चीर होती. एका प्लगवर काम भागलं.

ही अदलाबदल हा या कामातला सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात भरवशाचा पुरावा. तिला नवा पार्ट लागत नाही, मोठं यंत्र लागत नाही. लागतो तो सकाळचा एक तास आणि ‘आपला अंदाज चुकीचा असू शकतो’ एवढं मान्य करण्याची तयारी. दुसरी गोष्ट जास्त दुर्मिळ.

सोयाबीन घरात आलं की दुसरा प्रकार सुरू होतो. पोत्यांची थप्पी जिथे, तिथेच शेजारी गाडी उभी. उंदीर रात्री उबेसाठी बॉनेटखाली शिरतात आणि पातळ वायरी कुरतडतात. सकाळी गाडी थरथरते, चेक लाइट लागते आणि स्कॅनर इंजेक्टर सर्किटचा दोष दाखवतो. स्कॅनरनं ‘इंजेक्टर सर्किट’ म्हटलं म्हणजे ‘इंजेक्टर खराब’ असं नव्हे. कॉम्प्युटरपासून इंजेक्टरपर्यंतचा सगळा रस्ता त्यात येतो. मीटर लावला की लगेच कळतं. बहुतेक पेट्रोल इंजेक्टरांचा रोध १२ ते १६ ओहमच्या आसपास असतो. तेवढा आला तर वेटोळं शाबूत आहे, वायर तपासा. मीटर काहीच दाखवत नसेल तर आतली तार तुटली आहे, आणि मग नवा इंजेक्टर आणायला हरकत नाही. दरवर्षी दिवाळीच्या आसपास मी वायरीचे जोड जितके केले, तितके इंजेक्टर कधी बदलले नाहीत.

आता खरंच बदलायची वेळ येते तेव्हाचं सांगतो. माझ्या एका मावसभावाच्या गाडीचा मधला इंजेक्टर गळका निघाला. लक्षणं स्पष्ट होती. थंड गाडी नीट सुरू होई, पण गरम असताना बंद करून दहा मिनिटांनी किल्ली फिरवली की लवकर घेत नसे, पेट्रोलचा वास येई, मधला प्लग काळा आणि ओला निघे, इंजिन ऑइललाही पेट्रोलचा वास. अदलाबदल केली तर काळा प्लगही इंजेक्टरच्या मागे मागे गेला. पुरावा पुरा झाला.

हे काम मी नेहमी भल्या सकाळी करतो. आमच्याकडचं मे महिन्यातलं ऊन म्हणजे दुपारी बॉनेटला हात लावता येत नाही, आणि तापलेल्या इंजिनवर पेट्रोल सांडणं म्हणजे आगीला आवतन. भाचा मदतीला असतो. त्याला पहिलं काम ठरलेलं: वाळूची बादली भरून जवळ ठेवायची आणि बिडी-सिगारेटवाल्या माणसांना अंगणाबाहेर गप्पा मारायला लावायचं. मग टाकीचं झाकण उघडून दाब सोडायचा. पंपाचा फ्युज काढून गाडी सुरू करायची. रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरांना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीतलं, पेट्रोल संपलं की ती आपोआप बंद पडते. आणखी दोनदा सेल्फ मारायचा आणि मगच बॅटरीची निगेटिव्ह काढायची. पेट्रोलच्या रेलमध्ये साधारण तीन बार दाब असतो. हा टप्पा वगळला तर ते पेट्रोल उडतं थेट तोंडावर.

यानंतर पाना नाही, ब्रश घ्यायचा. इंजेक्टरच्या मुळाशी बसलेली काळी माती आधी झाडून, फुंकून काढायची. आमची ही काळी माती पिकाला देव आहे आणि इंजिनच्या आत शत्रू. एक खडा भोकातून खाली गेला तर तो व्हॉल्व्हपर्यंत जातो. माती निघाल्यावर इंजेक्टरांच्या वायरीचे कपलर काढायचे. जुन्या गाडीत त्यांचं प्लास्टिक उन्हानं पापडासारखं झालेलं असतं, म्हणून क्लिप दाबून हळू ओढायचं, वायरला धरून नाही. प्रत्येकाला चिकटपट्टी लावून आकडा टाकायचा. रेलचे बोल्ट सोडले की दोन्ही हातांनी रेल सरळ वर उचलायची, एका बाजूनं उचकटायची नाही. खाली कापड हवं, थोडं पेट्रोल गळतंच.

इथे एक बारीक गोष्ट आहे, जी मी प्रत्येक शिकणाऱ्याला बॅटरीच्या उजेडात वाकून दाखवतो. कधी कधी इंजेक्टर वर येतो, पण त्याची खालची ओरिंग, म्हणजे रबरी कडी, भोकातच राहते. इंजिनच्या रंगात रंग मिसळलेली असते, दिसत नाही. तिच्यावरच नव्या ओरिंगचा इंजेक्टर दाबून बसवला की दोन ओरिंगा एकावर एक येतात, इंजेक्टर नीट बसत नाही, हवा चोरते आणि गाडी नव्या पार्टनंतर जुन्यापेक्षा वाईट चालते. म्हणून काढलेल्या ओरिंगा मोजायच्या. तीन इंजेक्टर, वर-खाली मिळून सहा ओरिंगा. पाच भरल्या तर सहावी कुठे आहे हे कळल्याशिवाय पुढे जायचं नाही. भोकं स्वच्छ कापडानं झाकून ठेवायची.

नव्या ओरिंगांना स्वच्छ इंजिन ऑइलचं बोट फिरवायचं आणि इंजेक्टर किंचित फिरवत दाबायचा. बसल्यावर तो हातानं थोडा फिरला पाहिजे. फिरत नसेल तर ओरिंग दुमडली, परत काढायचा. बोल्ट आळीपाळीनं, बेतानं आवळायचे. खाली ॲल्युमिनियम असतं, जोर लावला की आटे जातात. सगळं जोडल्यावर लगेच सेल्फ मारायचा नाही. किल्ली नुसती ऑन करायची. मागून पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येतो, रेल भरते. असं दोन-तीनदा करून प्रत्येक जोडाशी उजेड आणि नाक नेऊन गळती बघायची. कोरडं आहे याची खात्री पटली की मग गाडी सुरू करायची. मावसभावाची गाडी सुरू झाली आणि त्याच्या आईनं हळद-कुंकू वाहिलं. त्या माऊलीला मी हसलो नाही. गाडी ही त्या घराची मोलाची वस्तू होती, नीट चालली याचा तो मनापासूनचा आनंद होता.

या सगळ्यात माझ्या विचाराला वळण देणारा प्रसंग मात्र पेट्रोलचा नाही, डिझेलचा आहे. गावातला एक हुशार ट्रॅक्टरवाला. त्यानं जुनी डिझेल कार घेतली होती, कॉमन रेलची, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच नळीतून दाबाचं डिझेल देणारी. गाडी मिसिंग करत होती. मी पोचलो तेव्हा इंजिन चालू होतं आणि त्यानं इंजेक्टरच्या नळीच्या नटावर पाना लावला होता. बाबांनी शिकवलेली तीच रीत. मी ओरडलो आणि आधी गाडी बंद केली.

त्याची चूक अज्ञानाची नव्हती. त्याला येत होतं तेच तो करत होता. फक्त इंजिन बदललं होतं. कॉमन रेलची कल्पना फियाटच्या संशोधनातून पुढे आली, बॉशनं ती तयार केली आणि १९९७ मध्ये अल्फा रोमिओ १५६ या गाडीतून ती रस्त्यावर आली. फियाटचं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन पुढे आपल्या पुण्याजवळच्या रांजणगावातही बनलं आणि स्विफ्टसारख्या गाड्यांतून खेड्यापाड्यांत पोचलं. या इंजिनांच्या रेलमध्ये १४०० ते १६०० बारपर्यंत दाब असतो. म्हणजे पेट्रोलच्या रेलच्या पाचशेपट. त्या दाबाची धार हातमोजा आणि कातडी सहज भेदते. वर टाचणी टोचल्याएवढा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल पसरून मांस मरायला लागतं. काही तासांत शस्त्रक्रिया झाली नाही तर बोट, कधी हात काढावा लागतो. असं काही झालं तर मलमपट्टी करत बसू नये, तडक मोठ्या दवाखान्यात जावं आणि ‘दाबाचं डिझेल आत गेलं आहे’ हे डॉक्टरांना शब्दांत सांगावं.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पक्की कळली. बाबांचं ज्ञान खोटं नव्हतं, पण त्याला हद्द होती. प्रत्येक हुन्नराला ती असते. आपण शिकलेली रीत कुठल्या यंत्रासाठी शिकलो हे विसरलं की अनुभवच घात करतो. अनुभवी हात नवख्यापेक्षा जास्त धोक्यात असतो, कारण नवखा घाबरून थांबतो.

कॉमन रेलमध्ये कोणता इंजेक्टर खराब ते शोधायची सुरक्षित रीत आहे आणि ती अंगणात करता येते. इंजेक्टरमधून जादा डिझेल बारीक नळीनं टाकीकडे परत जातं. इंजिन बंद असताना त्या परतीच्या नळ्या काढून जागी सलाईनच्या नळ्या लावायच्या आणि चार सारख्या बाटल्यांत सोडायच्या. परतीच्या वाटेला दाब अगदी थोडा असतो. इंजिन काही मिनिटं चालू ठेवलं की चार बाटल्या चार गोष्टी सांगतात. तीन बाटल्यांत बोटभर आणि चौथीत अर्धी बाटली, तर चौथा इंजेक्टर आतून झिजलेला. त्या ट्रॅक्टरवाल्याच्या गाडीत तसंच निघालं. नटाला हात न लावता दोषी सापडला.

तो काढून मी स्वतः दुरुस्त करायला बसलो नाही. या इंजेक्टरच्या आतल्या भागांतली फट केसाच्या जाडीच्या वीस-पंचवीसाव्या हिश्श्याइतकी असते. अंगणात ते उघडणं म्हणजे त्याचा शेवट. आम्ही तो अकोल्याला मशीनवर पाठवला. परत आल्यावर बसवताना तांब्याचं वॉशर नवं टाकलं, जुनं आत चिकटलेलं नाही ना पाहिलं, बैठकीचा कार्बन साफ केला. वॉशर नीट बसलं नाही तर बाजूनं चॅक-चॅक आवाज येतो आणि डांबरासारखी काजळी साचते. शिवाय अशा इंजेक्टरवर अंक-अक्षरांचा कोड असतो. नवा इंजेक्टर टाकला तर तो कोड बहुतेक गाड्यांत स्कॅनरनं कॉम्प्युटरला सांगावा लागतो. कोड भरणारं ते मोठं यंत्र माझ्याकडे नाही, तेवढ्या कामाला वाशिमला जावं लागतं. ज्याचं काम त्यानं करावं यात कमीपणा नाही.

तो इंजेक्टर का झिजला, हेही शोधलं. पेरणीच्या आणि सोंगणीच्या दिवसांत आमच्याकडे ट्रॅक्टरसाठी डिझेल ड्रममध्ये भरून ठेवतात. अर्ध्या रिकाम्या ड्रममध्ये पावसाळ्यात ओल धरते, तळाशी पाणी साचतं. तेच डिझेल डब्यानं कारमध्ये ओतलं होतं. जुन्या मायको नोझलनं ते एक वेळ सहन केलं असतं, हा इंजेक्टर करत नाही. कारण न शोधता नवा पार्ट टाकणं म्हणजे पुढच्या वर्षीचा खर्च आजच ठरवणं. ड्रमचं डिझेल कारला नको आणि डिझेल फिल्टरमधलं पाणी वेळच्या वेळी सोडा, हे मी तेव्हापासून प्रत्येकाला सांगतो.

रस्ते बदलले तशा तक्रारीही बदलल्या. आधी सगळे म्हणायचे, गाडी पातूरच्या घाटात दम धरत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी सुरू झाला, आपल्या जिल्ह्यातून गेला, आणि आता लोक म्हणतात, “समृद्धीवर शंभरच्या वर जातच नाही.” गावच्या रस्त्यावर पन्नासनं चालणाऱ्या गाडीचा अशक्तपणा लपून राहतो. सलग तासभर इंधन मागितलं की तो उघडा पडतो. पण तिथेही पहिला संशयित फिल्टर आणि पंपाचा दाब, नंतर इंजेक्टर. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, म्हणून प्रत्येक धक्क्याचं खापर त्यावर फोडायची पद्धत पडली आहे. इथेनॉल ओल धरतं हे खरं, जुन्या रबराला ते मानवत नाही हेही खरं. पण कुरतडलेल्या वायरीचा दोष इथेनॉलच्या माथी मारून गाडी सुधारत नाही.

२०२०च्या टाळेबंदीनंतर बऱ्याच दिवस उभ्या राहिलेल्या गाड्या आल्या. काहींचे इंजेक्टर खरोखर चिकटले होते. ते काढून वाशिमला साफ करून आणले आणि चालले. त्या काळात अनेक तरुण पोरं फोनवर बघून गाडीचं काम शिकली, याचं मला मनापासून कौतुक आहे. त्यांच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त वेग आहे. फक्त एवढंच दिसतं की त्यांना नवा पार्ट बसवायची घाई असते, आणि तो बसवून भागलं नाही की पुढचा पार्ट. खेड्यातल्या माणसाचा पैसा असा जातो. सोयाबीनच्या भावात काय हाती उरतं हे ज्याला ठाऊक आहे, त्यानं तरी दुसऱ्याचा पैसा अंदाजावर खर्च करू नये.

म्हणून घरी हे काम करू पाहणाऱ्यांना माझं सांगणं आहे. पेट्रोल गाडीचा इंजेक्टर घरी बदलता येतो. थंड इंजिन, सोडलेला दाब, स्वच्छ जागा आणि नव्या ओरिंगा एवढं पाळा. कॉमन रेल डिझेलच्या दाबाच्या नळीला इंजिन चालू असताना कधीही पाना लावू नका, तुमचे वडील लावत असले तरी. आणि कोणत्याही गाडीत नवा इंजेक्टर विकत घेण्याआधी जुना दोषी आहे हे अदलाबदल करून, मीटर लावून किंवा बाटल्या भरून स्वतःला सिद्ध करून दाखवा. ते सिद्ध होत नसेल तर दुकानात जाऊ नका.